जोत्याखालचा खर्च

सरकारी शाळेचे अंदाजपत्रक करण्याची रीत ठरलेली आहे. नमुना नकाशा घ्यायचा, खोदाईपासून रंगकामापर्यंत प्रत्येक बाबीचे परिमाण काढायचे, चालू दरसूचीतला दर लावायचा, त्यात वाहतूक, कर आणि आकस्मिक खर्च मिळवायचा. यातून एका वर्गखोलीचा आकडा निघतो. त्याला खोल्यांच्या संख्येने गुणले की वर्षाची तरतूद तयार होते. हा आकडा जोत्याच्या वरच्या कामापुरता बराचसा खरा असतो, कारण विटा, सळई, स्लॅब, दारे-खिडक्या सगळीकडे जवळपास तेवढ्याच लागतात. जोत्याखाली मात्र तो साफ कोसळू शकतो. म्हणून शाळेचा अंदाज दोन भागांत मांडावा आणि खालचा भाग मातीचा अहवाल हाती आल्याशिवाय मंजूरच करू नये, असे माझे म्हणणे आहे.

कोलकात्याचे सॉल्ट लेक, म्हणजे बिधाननगर, या म्हणण्याचा ठळक पुरावा आहे. शहराच्या पूर्वेच्या खाऱ्या दलदलीवर बिधानचंद्र रॉय यांच्या पुढाकाराने १९६२ पासून भराव पडू लागला. हुगळीच्या पात्रातला गाळ पाण्यात कालवून नळांवाटे इथे आणला गेला. भरावाचे काम ‘इन्व्हेस्ट इम्पोर्ट’ या युगोस्लाव्ह कंपनीचे होते आणि नगररचना दोब्रिवोये तोश्कोविच यांची. आज राज्याचे शालेय शिक्षण खाते याच उपनगरातल्या विकास भवनातून चालते. इथे वरचा थर आणलेल्या बारीक वाळूमिश्रित गाळाचा आहे. त्याखाली कोलकात्याची करडी, मऊ, कुजलेल्या लाकडाचे अंश असलेली चिकणमाती आहे आणि भरवशाची घट्ट माती साधारण बारा-पंधरा मीटरनंतर लागते. मऊ माती वरच्या भरावाच्या ओझ्याने खचत राहते आणि खचताना घट्ट थरापर्यंत उतरवलेल्या पायाच्या खांबाला, म्हणजे पाइललाही, खाली ओढते. हे जादा ओझे हिशेबात धरावेच लागते.

आता साधे गणित करू. अर्धा मीटर व्यासाच्या २० मीटर लांब पाइलला सुमारे ३.९ घनमीटर काँक्रीट लागते. घट्ट थर अंदाजापेक्षा ५ मीटर खाली निघाला, तर प्रत्येक पाइलमागे जवळपास एक घनमीटर वाढते. चाळीस पाइलची शाळा असेल तर ३९ घनमीटर काँक्रीट, शिवाय सळई आणि बोअरिंग वेगळे. नकाशातली एक रेषही न हलता हा खर्च वाढतो. आणखी एक गोष्ट अशी की पाइलचा पाया घातल्यावर त्यावर एकच मजला बांधणे सहसा परवडत नाही. मजले वाढले की पायाचा खर्च जास्त खोल्यांवर विभागला जातो. म्हणजे अशा जमिनीवर खोलीमागचा खर्च किती मजले बांधणार यावरही ठरतो, आणि एकच ठोक दर यातले काहीच सांगत नाही.

हे फक्त कोलकात्याचे दुखणे नाही. नवी मुंबईत खाडीकाठची चिकणमाती आहे. विदर्भ-मराठवाड्यातली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिथे कठीण मुरुमापर्यंत खणावे लागते किंवा तळाशी फुगीर केलेले अंडर-रीम्ड पाइल घालावे लागतात. शेजारच्या गावात मुरूम हातभरावर लागतो. तरीही प्रशासकीय मान्यता आधी मिळते आणि तीही बहुधा ढोबळ आकड्यावर. खोदाईत पैसे संपले की सुधारित प्रशासकीय मान्यतेची, ‘सुप्रमा’ची, वाट पाहायची किंवा वरच्या कामांना कात्री लावायची. कात्री लागते ती संरक्षक भिंत, रॅम्प, स्वच्छतागृह यांना. ही सगळी कामे शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेची किमान गरज म्हणून लिहिलेली आहेत. अपंग मुलाचा रॅम्प पायाच्या चुकलेल्या अंदाजाची किंमत फेडतो, हे मला सर्वांत जास्त खुपते.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा: आकस्मिक खर्चाची ३ ते ५ टक्के तरतूद असतेच की! पण ती मुरमावरच्या शाळेला आणि भरावावरच्या शाळेला सारखीच मिळते. एकीकडे ती उरते, दुसरीकडे पुरत नाही. दुसरा आक्षेप माती तपासायला लागणाऱ्या वेळेचा आणि पैशाचा. दोन खोल्यांच्या खेड्यातल्या शाळेला खोल बोअरची गरज नाही हे खरेच; तिथे अनुभवी अभियंत्याच्या देखरेखीखाली खणलेले दोन-तीन चाचणी खड्डे पुरतील. बोअर हवेत ते भरावावर, खाडीकाठी आणि बहुमजली इमारतीला. त्यांचा खर्च अर्धवट थांबलेल्या बांधकामापेक्षा फार कमी असतो.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. पायाचा खर्च मोकळा सोडला तर कंत्राटदार आणि अधिकारी मिळून तो फुगवतील. ठोक दर हाच लगाम आहे. ही भीती खोटी नाही. पाया एकदा पुरला गेला की तो कोणाला दिसत नाही. पण ठोक दरात तरी तो कुठे दिसतो? उलट उथळ पाया घालून पूर्ण रक्कम उचलण्याची मुभाच तिथे आहे. महाराष्ट्रात बाबनिहाय दराची ‘बी-२’ निविदा वर्षानुवर्षे चालत आली आहे. पायापुरती तीच वापरावी, प्रत्येक पाइलची प्रत्यक्ष खोली मोजमाप पुस्तिकेत लिहावी आणि बोअरचा तक्ता शाळा व्यवस्थापन समितीला द्यावा. तक्त्यात घट्ट थर १८ मीटरवर असेल आणि बिलात २४ मीटर लांबी लागली असेल, तर त्याचा जाब विचारायला अभियांत्रिकीची पदवी लागत नाही. आज समितीकडे असा कागदच नसतो, त्यामुळे तिला फक्त रंग आणि फरशी तपासता येते.