वळवाचा वारा आणि पत्र्याचे छप्पर : श्रीरामपूर परिसरातील पूर्वसिद्धतेचा विचार

वादळ म्हटले की महाराष्ट्रात प्रथम कोकणकिनाऱ्याचे स्मरण होते. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील श्रीरामपूर समुद्रापासून सुमारे २०० किलोमीटर आत, प्रवरेच्या कालव्यांनी भिजणाऱ्या काळ्या जमिनीच्या पट्ट्यात आहे. त्यामुळे हा भाग वादळापासून निर्धास्त आहे असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु तो बरोबर नाही. ३ जून २०२० रोजी अलिबागच्या दक्षिणेस किनारा ओलांडणारे ‘निसर्ग’ चक्रीवादळ ईशान्येकडे सरकत राज्याच्या अंतर्भागात शिरले आणि त्यानंतरच क्षीण झाले. अशी वादळे इकडे विरळाच येतात. वळवाची वादळे मात्र दरवर्षी येतात, आणि मालमत्तेच्या दृष्टीने खरा प्रश्न त्यांचाच आहे.

चक्रीवादळ व वळीव यांतील महत्त्वाचा भेद पूर्वसूचनेचा आहे. चक्रीवादळाचा मार्ग हवामान खाते काही दिवस आधीपासून पाहत असते. वळवाचा ढग दुपारच्या तापलेल्या हवेतून दोन-तीन तासांत उभा राहतो. त्यातून पडणाऱ्या पावसाचा बराच अंश खालच्या कोरड्या हवेत वाफ होऊन जातो. त्यामुळे ती हवा थंड व जड होते, वेगाने खाली येते आणि जमिनीवर आदळून चहूकडे पसरते. पावसाच्या आधी येणारा धुळीचा लोट म्हणजे या पसरणाऱ्या हवेचेच तोंड होय. तो दिसू लागल्यावर हाती केवळ काही मिनिटे उरतात. तेवढ्या वेळात छप्पर बांधून होत नाही. म्हणून येथील तयारी चैत्रापूर्वीच पुरी झालेली असली पाहिजे.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दर सेकंदास मीटरमध्ये घेऊन त्याच्या वर्गास ०.६ ने गुणले असता दर चौरस मीटरवरील दाब न्यूटनमध्ये मिळतो. ताशी ६० किलोमीटर वेगास हा दाब दर चौरस मीटरला सुमारे १७ किलो वजनाइतका, ९० किलोमीटरला सुमारे ३८ किलो, तर १२० किलोमीटरला सुमारे ६८ किलो भरतो. बांधकामावरील वाऱ्याच्या भारासंबंधीच्या भारतीय मानकात पुणे व नाशिक यांसाठी मूलभूत वेग सेकंदास ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर, धरला आहे. श्रीरामपूर याच दोन शहरांच्या लगतच्या प्रदेशात येते.

आता अर्धा मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचे वजन पाहावे. ते दर चौरस मीटरला जेमतेम चार किलो असते. छपरावरून वाहणारा वारा पत्र्यास खाली दाबण्याऐवजी बहुधा वर ओढतो, आणि उघड्या दारातून आत शिरलेला वारा त्याला खालून रेटतो. तीन चौरस मीटरच्या एका पत्र्यावर ताशी ९० किलोमीटरच्या वाऱ्यात अशी शंभर किलोंच्या घरातील ओढ निर्माण होऊ शकते. यास्तव पत्र्यावर दगड किंवा जुने टायर ठेवण्याची सर्वत्र आढळणारी पद्धत निरुपयोगी ठरते. चार दगडांचे वजन या ओढीपुढे अपुरे पडते, आणि पत्रा उचलला गेला की तेच दगड खालच्या माणसांवर येतात.

खरा आधार जोडणीचा असतो. पत्रा आडव्या लोखंडास, आडवे लोखंड कैचीस, कैची खांबास व खांब पायास अशी साखळी अखंड असावी लागते, कारण तिचा सर्वांत कच्चा दुवा हीच छपराची ताकद होय. ओढ कडांवर व कोपऱ्यांवर सर्वाधिक असल्याने तेथे बोल्ट अधिक जवळ घ्यावेत. गंजलेले हूक आणि कुजलेले वॉशर फाल्गुनातच बदलावेत. वारा सुटताच वाऱ्याकडील दारे मिटावीत.

कांद्याच्या चाळीत मात्र हा उपाय अडतो. उन्हाळी कांदा एप्रिल-मेमध्ये चाळीत भरतात, आणि तो टिकण्यासाठी चाळीच्या बाजू मोकळ्या ठेवाव्या लागतात. म्हणजे माल सर्वाधिक असतो त्याच वेळी वाऱ्याला वाट मोकळी असते. येथे बाजू कायमच्या बंद करणे हे नुकसानीचेच दुसरे रूप ठरेल. त्याऐवजी छपराची बांधणी साध्या गोठ्याहून मजबूत करावी, आणि वाऱ्याच्या बाजूस गुंडाळून ठेवता येणारे पडदे लावावेत. वादळ ओसरताच ते वर घेतले पाहिजेत.

छप्पर भक्कम असले तरी भोवतालची वस्तू त्यावर कोसळू शकते. ९ एप्रिल २०२३ रोजी अकोला जिल्ह्यातील पारस येथे वादळात जुना कडुनिंब पत्र्याच्या शेडवर पडला आणि आत आश्रयास थांबलेले सात जण मृत्युमुखी पडले. १३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपर येथे प्रचंड जाहिरात फलक पेट्रोल पंपावर कोसळून १७ जणांचा मृत्यू झाला व अनेक वाहने चिरडली गेली. दोन्ही ठिकाणी माणसे आडोसा म्हणून जेथे थांबली होती, तेथेच धोका होता. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते व पहिल्या पावसाने एकदम मऊ होते, त्यामुळे झाडे व खांब यांची पकड याच दिवसांत ढिली पडण्याचा संभव असतो. पोकळ खोड व वाळलेल्या फांद्या यांची तपासणी म्हणूनच आधी व्हावी.

वाहनांच्या बाबतीत हाच नियम लागू पडतो. झाड, फलक, वीजवाहिनी व कच्ची भिंत यांपासून निदान त्यांच्या उंचीइतके अंतर राखावे. मोटारसायकलवर सैल ताडपत्री टाकल्यास ती शिडासारखी फुगून गाडी पाडते. आच्छादन घालायचेच तर ते घट्ट आवळलेले हवे. धातूच्या बंद टपाची मोटार विजेपासून चांगले संरक्षण देते. उघडा ट्रॅक्टर किंवा दुचाकी ते देत नाही.

पाण्याचा हिशोबही असाच डोळे उघडणारा आहे. सहा चौरस मीटर तळ असलेल्या मोटारीस तळापासून वर चढणाऱ्या दर दहा सेंटिमीटर पाण्यामागे सुमारे ६०० किलोंचा उद्धरणभार मिळतो. म्हणजे हजार किलोंची गाडी वीस सेंटिमीटरच्या आतच चाकांची पकड गमावू लागते. बुडालेल्या गाडीचे इंजिन तपासणीपूर्वी चालू करू नये. आत शिरलेले पाणी दाबले जात नाही आणि दट्ट्याचा दांडा वाकतो. असे नुकसान विम्यात अनेकदा बसत नाही. शिवाय केवळ त्रयस्थ व्यक्तीच्या हानीपुरता विमा असल्यास वादळाने झालेली स्वतःच्या वाहनाची हानी भरून मिळत नाही, हे हंगामापूर्वीच पाहून ठेवावे. इमारत, चाळ व वाहने यांची छायाचित्रे आधी काढून ठेवल्यास पंचनाम्याच्या वेळी पूर्वस्थितीचा पुरावा हाती राहतो.

या सर्व उपायांत खर्चिक असे फार थोडे आहे. काही बोल्ट, एक-दोन पडदे, फांद्यांची छाटणी आणि वाहनासाठी निवडलेली मोकळी जागा एवढ्याने बरेचसे नुकसान टळू शकते. मात्र ही कामे आकाश निरभ्र असताना करावयाची असतात आणि म्हणूनच ती राहून जातात.