लूपला येणारी तार

प्लेटचं झाकण उचलायच्या आतच वास येतो. द्राक्षाचा, पण वेलीवरच्या नव्हे. शाळेबाहेर मिळणाऱ्या जांभळ्या पेप्सीकोल्यातल्या द्राक्षाचा. प्लेटांचा वास घेऊ नये असा आता नियम आहे आणि तो योग्यच आहे, पण हा वास घ्यावा लागत नाही. पलीकडच्या टेबलावरून टेक्निशियन म्हणतो, “मावशींची उगवली वाटतं.”

मावशी म्हणजे छातीच्या ओपीडीतल्या आमच्या जुन्या पेशंट. ऐन तिशीत टीबी झाला, गोळ्या एकही न चुकवता पुऱ्या केल्या, टीबी गेला. जाताना उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागातल्या श्वासनलिका कायमच्या रुंद आणि ढिल्या करून गेला. याला ब्रॉन्किएक्टॅसिस म्हणतात. २०१९ साली भारतातल्या अशा २,१९५ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. तिच्यात सर्वांत मोठं कारण टीबीच निघालं, ३५ टक्क्यांच्या आसपास. आणि बेडक्यात सर्वाधिक सापडलेला जंतू स्यूडोमोनस, म्हणजे हाच, द्राक्षाच्या वासाचा.

सकाळी डबी येते तेव्हा आधी स्लाइड. मावशी आता तरबेज झाल्या आहेत. चूळ भरून, चहाच्या आधी, खोलवरून खोकून काढलेला बेडका आणतात. लाळेची भेसळ नाही. लो पॉवरखाली एका नजरेत तोंडातल्या पेशी दहाच्या आत आणि पुवाच्या पेशी पंचविसाच्या वर असल्या की नमुना चांगला. इथे पुवाच्या पेशी मोजायला कुणी बसणार नाही, एवढी दाटी. बेडका हिरवा दिसतो तोही यांच्यामुळेच: या पांढऱ्या पेशींत जंतू मारायचं एक एन्झाइम असतं, तेच हिरवं. प्लेटवरचा हिरवा रंग मात्र जंतूचा स्वतःचा. दोन्ही बाजूंचा झेंडा एकाच रंगाचा, त्यामुळे नवे विद्यार्थी हमखास गोंधळतात.

ऑइल इमर्शनखाली पाहिलं की खरी गोष्ट कळते. गुलाबी काड्या पेशींच्या पोटात फारशा नाहीतच. त्या बाहेर, घोळक्याने, एका फिकट गुलाबी धुरकट थरात बसल्या आहेत. भोवती पांढऱ्या पेशींचा वेढा, त्यातल्या अर्ध्याअधिक फुटलेल्या. घोळका गिळायला तोंड पुरत नाही म्हणून त्या आपली हत्यारं तिथेच ओतून मरतात. त्या हत्यारांनी श्वासनलिकेची भिंत सोलवटते, आणि फुटलेल्या पेशींतून सांडलेल्या डीएनएचा चिकटा जंतूंच्या थरात मिसळून तो आणखी घट्ट होतो. वेढा घालणाऱ्यांनीच तटाला चुना पुरवावा, असा प्रकार.

तो थर कसला, ते प्लेटवर दिसतं. कॉलनीला लूप टेकवून हलकेच वर उचलला की तार येते. गुळाचा पाक दोन बोटांत धरून पाहतात ना, तशी. एकतारी झाला की पुढे गेला, हे ठरवावं इतकी लांब. हे अल्जिनेट. समुद्री शेवाळातही थोड्या फरकाने तेच असतं, आणि दाताचं माप घ्यायला दंतवैद्य तोंडात जो गार लगदा धरतात तोही त्याचाच. जंतूकडे अल्जिनेटचा कारखाना असतोच, पण एक जनुक त्याला कुलूप लावून ठेवतं. ते जनुक बिघडलं की कारखाना रात्रंदिवस चालू. आणि ते बिघडवतं कोण? १९९९ साली प्रयोगशाळेत दाखवलं गेलं की पांढऱ्या पेशी जंतू मारायला जे हायड्रोजन पेरॉक्साइड सोडतात, त्याच्याच माऱ्याने हा बिघाड होतो. मला या विषयात याहून खट्याळ काही ठाऊक नाही.

मावशींचा चार वर्षांपूर्वीचा जंतू आमच्या फ्रीझरमध्ये ग्लिसरॉलमध्ये ठेवलेला आहे. या वेळी तो काढला आणि दोघांचे थेंब शेजारी शेजारी लटकवले. खोलगट स्लाइड, कडेला व्हॅसलीन, वर कव्हरस्लिप. जुना सैरावैरा धावतो, पावसाळ्यात दिव्यावर आलेल्या किड्यांसारखा. नवा जागच्या जागी नुसता थरथरतो. शेपूट टाकून दिलेली. आपल्या पेशी शेपटीचं प्रथिन फार चटकन ओळखतात. शेपूट नाही तर ओळखही नाही. लोकांना वाटतं, जंतू दिवसेंदिवस आडदांड होत जातो. वर्षानुवर्षं मुक्काम करणारा उलट गरीब होत जातो. फिरणं सोडतो, विषं आवरती घेतो, भाडेकरूसारखा दबून राहतो.

प्रतिपिंडं तरी कामाची असतील? रक्तात ती भरपूर असतात. २०१४ साली ब्रिटनमधल्या संशोधकांना काही रुग्णांत ती इतकी दाट सापडली की जंतूच्या अंगावर त्यांचंच पांघरूण झालं होतं. जंतूला मारणारी रक्तातली प्रथिनं आत पोचेनात. पुढे अशा दोन रुग्णांच्या रक्तातून ती उपसून काढली, तेव्हा त्यांना बरं वाटलं.

दुपारी छातीच्या डॉक्टरांचा फोन येतो. “मॅडम, तुम्ही सेफ्टाझिडिम सेन्सिटिव्ह लिहिता, मी देतो, मावशी महिनाभर बऱ्या, की पुन्हा तेच. जात का नाही हा?”

“सर, माझ्या प्लेटवर तो सुटा आहे, पोटभर जेवतोय, भराभर वाढतोय. असा असला की औषधाने मरतोच. आत तो घोळक्यात आहे. मधले अर्धपोटी, झोपल्यासारखे. त्यांना ना औषध लागत, ना पेशी.”

“मग रिपोर्टचा उपयोग काय?”

“ताप उतरवायला होतो ना,” मी म्हणते. ते हसतात, पण खुशीने नव्हे.

रिपोर्टमध्ये ‘म्युकॉइड’, म्हणजे तार येणारा चिकट, हा शब्द मी अधोरेखित करते. एरवी या वेळेला प्लेटा ऑटोक्लेव्हला जातात. मावशींच्या मी परत इन्क्युबेटरमध्ये ठेवते, आणखी चोवीस तास.

दुसऱ्या दिवशी चिकट कॉलन्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत, खसखशीच्या दाण्याएवढ्या, कोरड्या, रंग नसलेल्या सात-आठ कॉलन्या वर आल्या आहेत. काल त्या नव्हत्या. एक उचलून ऑक्सिडेजच्या कागदावर घासली. दहा सेकंदांच्या आत जांभळी.

“हा कोण?” टेक्निशियनने विचारलं.

“तोच,” म्हटलं, आणि नवी प्लेट मागवली.