चूड वाकवा, तुडतुडे मोजा

आरमोरी, ब्रह्मपुरी, सिंदेवाहीच्या पट्ट्यात ऑक्टोबरमध्ये धान लोंबीवर येतो. धुऱ्यावरून बांधी हिरवीगार दिसते आणि काही दिवसांतच मधोमध जळल्यासारखा गोल डाग पडतो. हे काम तपकिरी तुडतुड्यांचे. डाग दिसेपर्यंत उशीर झालेला असतो, कारण हा कीटक पाण्याच्या थोडे वर, चुडाच्या बुंध्याशी गर्दी करून रस शोषतो. त्याला शोधायचे तर वाकावेच लागते.

पद्धत सोपी आहे. आठवड्यातून एकदा बांधीत नागमोडी चालत २० चूड निवडायचे, धुऱ्यालगतचे नकोत. चूड किंचित वाकवून बुंध्याशी थाप मारली की तुडतुडे पाण्यावर पडतात. ते मोजून बेरजेला २० ने भागायचे. चुडामागे सरासरी १० तुडतुडे भरले, तर फवारणीचा विचार करायचा. खोडकिडा आणि गादमाशी यांच्यासाठी फुटवे मोजतात. डासाएवढ्या गादमाशीची अळी कोंबात शिरली की फुटव्याची कांद्याच्या पातीसारखी चंदेरी नळी होते. त्याला लोंबी येत नाही. असे फुटवे ५ टक्क्यांच्या आत असतील तर पंप घरीच राहू द्यावा. खोडकिड्याने वाळलेल्या फुटव्यांनाही हीच मर्यादा.

शेजाऱ्याने फवारले म्हणून आपणही फवारायचे, हा रिवाज महागात पडतो. तुडतुडे खाणारे कोळी आणि मिरीड ढेकूण याच चुडात राहतात. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील औषधाने आधी ते मरतात, आणि तुडतुडे पूर्वीपेक्षा जास्त वाढतात. इंडोनेशियाने हे मोठ्या प्रमाणावर भोगले. शेवटी १९८६ मध्ये तिथल्या सरकारने भातावरील ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली.

प्रश्न फक्त पिकाचा नाही. २०१७ च्या खरिपात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. पीक उंच आणि दाट झाले की औषधाचे तुषार फवारणाऱ्याच्याच अंगावर येतात. लोंबीवर आलेल्या धानात, घामाने भिजलेल्या सदऱ्याने, पाठीवर पंप घेऊन चालणाऱ्या मजुरालाही हा धोका आहेच. टळलेली प्रत्येक अनावश्यक फवारणी म्हणजे त्याच्या अंगावर न पडलेले विष.

विदर्भ-मराठवाड्यात २००८ मध्ये सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा उद्रेक झाला. त्यानंतर राज्याने ‘क्रॉपसॅप’ हा कीड सर्वेक्षण प्रकल्प सुरू केला. पुढे त्यात भातही आला. नेमून दिलेल्या शेतांतील नोंदींवरून त्यात सल्ला दिला जातो. पण सल्ला परिसराचा असतो, आकडा आपल्या बांधीचा हवा.

आकडा मर्यादेकडे सरकू लागला, तर आधी बांधीतले पाणी तीन-चार दिवस काढून टाकावे आणि युरियाचा हात आखडावा. पुढच्या हंगामात रोवणी करतानाच दर ३ मीटरवर ३० सेंटिमीटरचा पट्टा मोकळा सोडावा. त्यातून बुंध्यापर्यंत ऊन-वारा पोहोचतो आणि मोजायला आत शिरताना धानही तुडवला जात नाही.