उतारावरची खोली

बंगळूर शहरात ‘एक्स्टेन्शन’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. १८९८ च्या प्लेगनंतर दाटीवाटीच्या जुन्या पेठांबाहेर बसवनगुडी, मल्लेश्वरम् अशा ऐसपैस वसाहती वाढल्या. त्यांना कन्नडमध्ये ‘बडावणे’ आणि व्यवहारात ‘एक्स्टेन्शन’ म्हणतात. दुसरा अर्थ अधिक घरगुती. कुटुंब वाढते, वडीलधारी माणसे राहावयास येतात आणि जुन्या घराला मागच्या बागेत एक खोली जोडावी लागते. पहिल्या विस्ताराची आखणी नगररचनाकारांनी केली. दुसऱ्याची आखणी गृहस्थाला स्वतःच करावी लागते, आणि तीही बहुधा मोजक्या पैशांत.

या कामी बंगळूरची भूमी मुकाट्याने आपला हिशेब मांडते. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर, एका जलविभाजक कण्यावर वसले आहे. पूर्वेकडे उतरणारे पाणी दक्षिण पिनाकिनीला मिळते. पश्चिमेचे वृषभावती आणि अर्कावती यांच्या वाटेने कावेरीला जाते. त्यामुळे येथील जमिनीला कोठे ना कोठे उतार असतोच. पूर्वीच्यांनी या उतारांवर बांध घालून तळी केली. गृहस्थाला मात्र त्याच उतारावर कोरडी खोली हवी असते.

समजा, घराच्या मागे ४ मीटर लांब व ४ मीटर रुंद अशी खोली काढावयाची आहे, आणि बाग घरापासून दूर जाताना या ४ मीटरांत ५० सेंटीमीटर उतरते. डोळ्यांना हा फरक क्षुल्लक वाटतो. म्हणून पहिले काम मोजणीचे. पारदर्शक नळीत पाणी भरून तिची दोन टोके दोन ठिकाणी उभी धरली, की दोन्हीकडचे पाणी एकाच पातळीवर येते. गवंड्यांची ही जुनी युक्ती उताराचा अचूक आकडा देते, आणि खर्चही जवळजवळ नाही.

आता प्रश्न जमिनीच्या पातळीचा. नवी खोली उताराबरोबर खाली घेतली तर जोते बुटके राहते, भराव कमी लागतो व पैसे वाचतात. पण घरातून तेथे जाण्यास तीन पायऱ्या येतात. ही खोली जर वृद्ध आईसाठी असेल, तर त्या तीन पायऱ्या रोज तिच्या गुडघ्यांनी मोजाव्या लागतील. पायऱ्यांऐवजी उतरण करावी म्हटले, तर बाराला एक या सोयीच्या प्रमाणाने ५० सेंटीमीटरसाठी ६ मीटर लांबी हवी, म्हणजे खोलीहूनही अधिक! उलट, जुन्या घराचीच पातळी पुढे नेली, तर घराकडे ४५ सेंटीमीटर असलेले जोते पलीकडच्या टोकास ९५ सेंटीमीटर होते आणि आत सुमारे ११ घनमीटर भर लागते. खर्च वाढतो खरा. परंतु आईसाठीच खोली असेल, तर हा खर्च टाळून दुसरीकडे काटकसर करणे शहाणपणाचे.

काटकसर कोठे करू नये, हे आधी ठरवावे. पाया भरावावर कधीही टेकवू नये. तो मूळच्या घट्ट जमिनीपर्यंत न्यावा. उतारावर चराचा तळ तिरपा न ठेवता पायऱ्यापायऱ्यांनी खोदावा, म्हणजे प्रत्येक पायरी सपाट राहते व भिंतीचे वजन सरळ खाली उतरते. भर घालताना मुळे आणि पालापाचोळा असलेली वरची काळपट माती बाजूस काढावी. बाकीची माती १५-२० सेंटीमीटरच्या थरांनी पसरून, पाणी शिंपडून, धुम्मस करावी. एकदम ढीग ओतून वर फरशी घातली, तर पहिल्या दोन पावसाळ्यांतच ती खचू लागते. जुने घर आपल्या जागी बसलेले असते, नवे अजून बसावयाचे असते. म्हणून दोन्ही भिंती एकमेकींत गुंतवू नयेत. मध्ये बोटभर सांधा ठेवून तो लवचीक द्रव्याने बुजवावा.

बागेची माती अडविणारी भिंत हा सर्वांत फसवा खर्च. मातीचा रेटा उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: उंची दुप्पट झाली तर रेटा चौपट. म्हणून दोन मीटरची एक भिंत उभारण्यापेक्षा, जागा असल्यास, पुरेसे अंतर सोडून एकेक मीटरचे दोन टप्पे करणे पुष्कळदा स्वस्त पडते. भिंतीमागे खडीचा थर आणि भिंतीत पाणी निघण्यास भोके हवीतच. कारण अडलेले पाणी मातीहून अधिक बळाने ढकलते. ही भिंत शेजाऱ्याच्या अंगणावर उभी असेल, तर तेथे खेळणाऱ्या मुलांची सुरक्षितताही तिच्यावरच अवलंबून असते. एक मीटरहून उंच भिंतीसाठी अभियंत्याचा सल्ला घ्यावा. ते शुल्क वायफळ नव्हे.

वाचविता येते ते भिंतींत. बंगळूरच्याच भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ साली ‘अस्त्र’ हे ग्रामीण तंत्रज्ञानाचे केंद्र निघाले. तेथे मातीत थोडे सिमेंट मिसळून, यंत्राने दाबून, भट्टीत न भाजता विटा करण्याच्या पद्धतीवर मोठे काम झाले. पाया खोदताना निघालेली तांबडी माती योग्य असेल, तर तीच अशा विटांच्या कामी येते. गिलाव्याचाही खर्च टळू शकतो.

राहिले पाणी. बंगळुरात वर्षाला सुमारे ९७० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याचा जोर सप्टेंबर-ऑक्टोबरात असतो. १६ चौरस मीटरच्या छपरावर वर्षभरात सुमारे साडेपंधरा हजार लिटर पाणी येते. ते भिंतीच्या पायथ्याशी सोडले तर पाया पोखरेल. टाकीत घेतले तर बाग जगवील. खोदाई जानेवारीत सुरू करून छप्पर पावसाआधी पडेल असा बेत असावा, आणि पालिकेची परवानगी त्याहून आधी हाती असावी.

तात्पर्य, उतारावरच्या खोलीचा बराचसा पैसा डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी, जमिनीखाली जातो. तो तेथे गेला, तर वरची खोली साधी असली तरी चालते. तो तेथून वाचविला, तर वरची सजावट भेगा झाकण्याच्याच कामी येते.