खळ्यातली होडी

कोकणात समुद्राकाठच्या गावांत माडांच्या बुंध्याशी एखादी जुनी होडी पडलेली दिसते. लांबी अठरा-वीस फूट, फळ्या इंचभर जाडीच्या, पूर्वी वल्ह्यांवर आणि शिडावर चालणारी, पुढे केव्हातरी मागे इंजिन अडकवलेली. घरात फायबरची होडी आली आणि ही वर ओढली गेली. लाकूड चांगले असते म्हणून मोडायला हात होत नाही, दुरुस्तीला सुतार मिळत नाही, आणि ती तशीच पडून राहते. अशी होडी घरच्या खळ्यात पुन्हा पाण्याजोगी करता येते. त्याला गोदी लागत नाही. सावली, थोडीफार सुतारकी, एखाद्या जाणत्या मिस्त्रीचा अधूनमधून सल्ला आणि एका दिवाळीपासून पुढच्या नारळी पौर्णिमेपर्यंतचा वेळ एवढ्यावर काम निभते.

तिला हात लावण्याआधी तिची बांधणी समजून घ्यावी. तळाला या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेला जाड वासा म्हणजे पठाण. होडीचा कणा तो. पुढच्या बाजूला पठाणातून वर चढणारे लाकूड ही नाळ. मागे तसाच एक उभा खांब असतो, त्यावर सुकाणू टांगतात. पठाणावर बरगड्यांसारखे बसवलेले बाकदार तुकडे म्हणजे वांक आणि त्यांच्यावर बाहेरून ठोकलेल्या फळ्या हे होडीचे अंग. पाणी अडवायचे काम फळ्यांचे, पण त्यांना आकारात धरून ठेवतात ते पठाण आणि वांक.

लाकूडही जागा पाहून निवडलेले असते. फळ्यांना साग उत्तम. तो तेलकट असतो, पाण्यात फारसा फुगत नाही आणि सहसा कुजत नाही. मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका १८१७ साली पाण्यात उतरली. ती आज इंग्लंडमधल्या हार्टलपूलला तरंगते आहे. अर्थात तिलाही १९९० नंतर दहाएक वर्षे दुरुस्तीत काढावी लागली. लहान होडीला सगळा साग परवडत नसे. मग ऐन, किंजळ, फणस, अगदीच हात आखडता असेल तर आंबा. वांकांसाठी बाभळीसारख्या झाडाची मुळातच वाकडी फांदी शोधत, कारण लाकडाचे तंतू बाकाबरोबर वळलेले असले तरच वांक ताण सोसतो. सरळ लाकडातून बाक कापून काढला की तंतू मध्येच तुटतात आणि तडा नेमका तिथे जातो.

अशा होडीला तीन गोष्टी खातात. पहिली पाऊस. खाऱ्या पाण्यात मुरलेल्या लाकडाला कुजवणारी बुरशी सहजी लागत नाही, पण उताण्या पडलेल्या होडीत पावसाचे गोडे पाणी साचले, त्यात पाला आणि माती कुजली, की पठाणालगतची फळी आतून मऊ पडू लागते. वरचा रंग मात्र शाबूत दिसतो. त्यावर निळी प्लॅस्टिकची ताडपत्री घट्ट बांधणे हा उपाय नव्हे. आत वाफ धरते आणि बुरशीला घर मिळते. जुन्या पद्धतीचा झापांचा मांडव बरा, पाऊस अडतो आणि वारा खेळता राहतो.

दुसरी गोष्ट टेरेडो. दिसायला अळी, जातीने शिंपला, म्हणजे तिसऱ्या आणि कालवांच्या भाऊबंदांतला जीव. पिल्लू असताना तो टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून लाकडात शिरतो आणि आत तंतूंच्या दिशेने पोखरत वाढत जातो. बोगद्याला चुन्याचे पातळ अस्तर देतो. लाकूड पचवायला लागणारी द्रव्ये त्याच्या कल्ल्यांत राहणारे जिवाणू पुरवतात. बाहेरून फळी धड दिसते. कापली तर जाळीसारखी निघते. होडी पाण्याबाहेर काढली तरी तो लगेच मरत नाही. भोक दोन चिमुकल्या झडपांनी बंद करून काही आठवडे तग धरतो. लाकूड पुरते वाळले किंवा बराच काळ गोड्या पाण्यात राहिले तरच तो संपतो. होडी वर ओढून तळाला झावळ्यांच्या जाळाचा शेक देण्याची किंवा ती खाडीतून वर गोड्या पाण्यात नेऊन ठेवण्याची जुनी चाल यासाठीच होती.

तिसरी गोष्ट लोखंड. खिळा गंजला की फुगतो आणि फळीला चीर पाडतो. त्याच्या भोवतीचे लाकूड जळाल्यासारखे काळे पडते आणि पकड सोडते. होडीचे लाकूड चांगले पण खिळे मेलेले, अशी स्थिती फार वेळा आढळते.

म्हणून पहिले काम तपासणीचे. त्यासाठी हातोडी, जुना स्क्रूड्रायव्हर आणि खडू पुरे. पठाणालगतच्या फळीवर स्क्रूड्रायव्हर टेकवून तळहाताने दाबावा. चांगल्या लाकडात टोक जेमतेम ठसा उमटवते. कुजलेल्या जागी ते अर्धा इंच आत जाते आणि बाहेर काढताना त्याला ओला तपकिरी भुसा चिकटून येतो, चहाच्या चोथ्यासारखा. हातोडीने वाजवले तर निरोगी फळी खणखणते, पोकळ झालेली बद्द वाजते. वांकांची खालची टोके, इंजिनाखालची जागा, नाळेचा सांधा आणि फळ्यांची टोके या ठिकाणी अधिक वेळ द्यावा, कारण पाणी थांबते ते इथेच. वाईट जागांवर खडूने खुणा करत गेले की होडीचा खरा नकाशा समोर येतो. पठाण आणि निम्म्याहून जास्त वांक दोन्ही गेले असतील, तर ती होडी दुरुस्तीची राहिली नाही. तिच्यावरून मापे घेऊन नवी बांधावी.

उरलेल्यांना आधी नीट उभे करायचे. वर्षानुवर्षे दोन दगडांवर टेकलेल्या होडीची टोके खाली झुकतात, तिची पाठ मोडते. पठाणाच्या बाजूने दोरी ताणून धरली की किती झुकाव आहे ते कळते. पठाणाखाली दर तीन-चार फुटांवर ओंडके आणि पाचरी द्याव्यात, अंगाला तिरके टेकू लावावेत आणि जॅकने रोज थोडे थोडे उचलत पठाण सरळ आणावा. घाई केली तर सांधे निखळतात. आकार परत येण्याआधी नव्या फळ्या ठोकल्या तर वाकडेपणाच पक्का होतो, आणि तो पुढे कुठल्याही रंगाने झाकत नाही. मग होडी सावलीत हळूहळू वाळू द्यायची. एप्रिल-मेच्या उन्हात उघडी ठेवलेली होडी इतकी सुकते की फळ्यांमधून पलीकडचे अंगण दिसू लागते.

रंग काढताना एक धोका आहे आणि तो फारसा कुणी मनावर घेत नाही. जुन्या होड्यांना पाण्याखालच्या भागात लाल शिशाचा थर देण्याची पद्धत होती. परंपरेने शेंदूर म्हणतात तो हाच पदार्थ. शिसे लाकूड राखते, पण माणसाच्या अंगात गेलेले सहजी निघत नाही, आणि लहान मुलांना त्याचा त्रास सर्वांत जास्त. त्यामुळे जुना रंग ज्योतीने जाळू नये आणि कोरडा घासू नये. पाणी मारत खरवडावा, तोंडाला चांगला मास्क बांधावा, खाली प्लॅस्टिक अंथरून खरवड गोळा करावी. खळ्यात कोंबड्या आणि पोरे फिरत असतात, हे घरच्या कामात विसरायचे नाही.

नवे लाकूड मिळवणे हा कामातला महागडा भाग. परसातला फणस किंवा किंजळ तोडून भागवू, असे वाटते, पण १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड नियमन कायद्याखाली साग, ऐन, किंजळ, फणस, आंबा अशी झाडे स्वतःच्या जमिनीतली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. जुन्या घरांचे सागवानी वासे विकत घेणे हा मधला मार्ग. ते मुरलेले असतात. फक्त आत राहिलेला एखादा खिळा रंध्याची धार घालवतो, म्हणून आधी लोहचुंबक फिरवून पाहावे.

फळ्या बदलण्याचा एक नियम पाळावाच लागतो: एका वेळी एकच. एक उजवीकडची, मग एक डावीकडची. वांकही एकाआड एक बदलायचे. सगळे एकदम उघडले तर होडी आकार विसरते. काढलेली फळी टाकून न देता तिच्यावरूनच नवीचा साचा आखावा. फळी वाकवायला वाफ लागते. पत्र्याच्या नाहीतर लाकडाच्या लांब पेटीत वाफ सोडून इंचभर जाडीला सुमारे तासभर ठेवले की फळी लवचीक होते. त्यानंतर ती जागेवर बसवून शिकंज्यांनी आवळायला दोन-तीन मिनिटेच हातात असतात, म्हणून त्या दिवशी शेजारची दोन माणसे आधीच सांगून ठेवलेली बरी. पेटीऐवजी फळी मंद जाळावर धरून, पाणी शिंपडत, टोकाला वजन टांगून वाकवण्याचीही रीत आहे. सबंध फळी बदलायची नसेल तर तुकडा जोडता येतो, पण जोड तिरका आणि लांब हवा, इंचभर जाडीच्या फळीला आठ ते बारा इंचांचा. शेजारच्या दोन फळ्यांचे जोड एका रेषेत येऊ देऊ नयेत.

खिळे तांब्याचे सर्वांत टिकाऊ. खिळा आरपार काढून आतून तांब्याची चकती चढवतात आणि टोक ठोकून बसवतात. जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी खिळे स्वस्त पडतात आणि पंधरा-वीस वर्षे सहज निघतात. दोन्हींची सरमिसळ मात्र करू नये. खाऱ्या पाण्यात तांब्याच्या शेजारचे लोखंड झपाट्याने गंजते. खिळ्यांचा हा सगळा व्याप काही होड्यांना ठाऊकच नव्हता. गोवा आणि दक्षिण कोकणात रापणीच्या मोठ्या होड्यांच्या फळ्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या असत. २०२५ साली कारवारला नौदलात दाखल झालेले ‘कौंडिण्य’ हे शिडाचे जहाज अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या चित्रावरून याच पद्धतीने शिवून बांधले आहे, आणि त्याची बांधणी गोव्यात झाली. शिवलेल्या होडीची दुरुस्ती म्हणजे उसवून पुन्हा शिवणे. घरच्या घरी करायला ती उलट सोपी, फक्त दोरी जाणणारा माणूस हवा.

ठोकलेल्या होडीत फळ्यांच्या सांध्यांत कापूस भरतात. कापसाची सैल वात सांध्यावर धरायची, बोथट छिन्नीने छोटे छोटे वळसे देत आत सारायची आणि लाकडी हातोड्याने बसवायची. हात बसलेल्या माणसाला आवाजावरून कळते. सुरुवातीला मऊ थापेसारखा येणारा आवाज कापूस भरत आला की टणक होतो, तिथे थांबायचे. नवशिक्याची चूक म्हणजे जोर. कोरड्या होडीत कापूस ठासून भरला, तर पाण्यात गेल्यावर फुगणाऱ्या फळ्यांना जागाच उरत नाही आणि त्या वांकांवरून खिळ्यांसकट उचलल्या जातात. कापसावर राळ आणि तेल तापवून केलेले लुकण भरतात. उकळते तेल चुलीपासून लांब, अंगणात हाताळावे हे वेगळे सांगायला नको.

फटी बुजल्या की लाकडाला तेल पाजायचे. मुशीच्या काळजाचे किंवा तारलीचे तेल ही जुनी औषधे. ती उत्तम मुरतात. वास मात्र आठवडाभर आळीत राहतो, तेव्हा शेजाऱ्यांशी संबंध चांगले असावेत. काजूच्या टरफलांचे काळे तेल त्याहून जालीम, किड्यांना ते सोसत नाही. माणसाच्या कातडीलाही सोसत नाही, फोड येतात, म्हणून हातमोजे हवेतच. तळाला पाण्याखालच्या भागात आता तांबेयुक्त रंग मिळतो, तो कालवे आणि टेरेडो दोन्हींना दूर ठेवतो. पाण्याबाहेरच्या अंगाला साधा ऑइलपेंट चालतो. रंगकाम पावसाआधी उरकावे. मृगाच्या सरी सुरू झाल्या की हवेतला ओलावा रंगाखाली अडकतो आणि गणपतीपर्यंत पापुद्रे सुटतात.

होडीवर फायबरचा थर चढवून देणारे कारागीर हल्ली गावोगाव आहेत. झटपट होते, स्वस्त वाटते. पण जुन्या फळ्या ओल्या-कोरड्या होताना हलतात, थर हलत नाही. तेलकट सागाला तो नीट चिकटतही नाही. कुठेतरी केसाएवढी भेग पडते, आत पाणी शिरते आणि बाहेर पडायला वाट सापडत नाही. थराखालचे लाकूड मग आधीपेक्षा लवकर जाते. नवी, पूर्ण कोरडी आणि पक्की होडी असेल तर गोष्ट वेगळी. जुन्या होडीला हे कवच घालू नये.

होडी पुन्हा मासेमारीला न्यायची तर कागदपत्रेही पाहावी लागतात. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ सालचा आहे. परवाना मत्स्यव्यवसाय खात्याकडून घ्यावा लागतो आणि नोंदणी क्रमांक होडीच्या अंगावर ठळक रंगवावा लागतो. रंग खरवडताना जुना क्रमांक निघून जातो, म्हणून सुरुवातीलाच त्याचा फोटो काढून ठेवावा.

पाण्यात उतरवण्याचा दिवस भरतीचे कोष्टक पाहून ठरतो. आदल्या दोन-तीन दिवसांत होडीत ओली गोणपाटे पसरून ती भिजत ठेवतात, म्हणजे फळ्या फुगायला सुरुवात होते. तरीही पहिल्या दिवशी ती गळतेच, आणि त्याला घाबरायचे कारण नसते. तिला उथळ पाण्यात, दोरीला बांधून, जवळ डबा ठेवून सोडावे. पहिल्या रात्री दोन-तीनदा पाणी उपसावे लागते, दुसऱ्या रात्री एकदा. तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत फळ्या फुगून एकमेकींना भिडतात आणि सकाळी तळाशी ओंजळभर पाणी उरते. तेवढे पाणी लाकडी होडीत कायमच असते. आठवड्यानंतरही डबे भरून पाणी येत असेल, तर ओहोटीला होडी कोरड्यावर टेकवून बाहेरून गळती शोधावी. बहुतेक वेळा ती नव्या फळीत नसून नाळ आणि पठाण जिथे मिळतात त्या जुन्या सांध्यात सापडते.