लिनक्सच्या भांडारातली जुनी आणि डुप्लिकेट पॅकेजेस कोण साफ करतं?

१६ जुलै २०२५. आर्च लिनक्सच्या 'एयूआर' या भांडारात फायरफॉक्स, लिब्रवुल्फ आणि झेन या ब्राउझरच्या नावांना 'फिक्स', 'पॅच' अशी शेपटं जोडलेली पॅकेजेस आली. सुधारित आवृत्ती समजून ती घेणाऱ्याच्या कॉम्प्युटरचा ताबा हॅकरला मिळू शकत होता. १८ जुलैला ती हटवली गेली.

असं का होतं? कारण एयूआरमध्ये खातं उघडून कोणीही पॅकेज टाकू शकतं. साफसफाईही वापरणाऱ्यांच्याच भरवशावर चालते.

पॅकेज जुनं झालं? त्यावर 'आउट ऑफ डेट'ची खूण करता येते.

एकाच सॉफ्टवेअरची दोन पॅकेजेस आहेत? मर्जची विनंती करायची. मतं आणि कॉमेंट्स मूळ पॅकेजकडे जातात.

सांभाळणारा गायब आहे? विनंतीनंतर तो दोन आठवडे गप्प राहिला, तर पॅकेज 'अनाथ' ठरतं. मग ते कोणीही दत्तक घेऊ शकतं.

धोका इथेच आहे. २०१८ मध्ये 'अ‍ॅक्रोरीड' हे अनाथ पॅकेज एकाने दत्तक घेतलं आणि त्यात घातक कोड घुसवला.

म्हणून इन्स्टॉल करण्याआधी दोन गोष्टी पाहा: पॅकेज सध्या कोण सांभाळतंय आणि त्याची 'पीकेजीबिल्ड' फाइल नेमकं कुठून डाउनलोड करतेय.