आखूड पासची चाल
अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू ताब्यात असलेल्या संघाला दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चार प्रयत्न मिळतात, ज्यांना ‘डाऊन’ म्हणतात. हे प्रयत्न धावून खर्च करायचे की चेंडू फेकून, याचा प्रशिक्षकाने आखलेला आराखडा म्हणजे संघाची आक्रमणयोजना. धाव भरवशाची पण मिळकत तुटपुंजी, आणि लांब पास फायद्याचा पण बेभरवशाचा, असा त्या काळचा रूढ हिशेब होता. सिनसिनाटी बेंगल्सचे साहाय्यक प्रशिक्षक बिल वॉल्श यांनी १९७० मध्ये तो मोडला, तोही हौसेने नव्हे. कारण त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रे हलवणारा खेळाडू, व्हर्जिल कार्टर नेमका फेकणारा असला तरी त्याच्या हातात लांब फेकीचे बळ नव्हते. त्यामुळे वॉल्श यांनी मैदानाची सुमारे ५३ यार्डांची रुंदी कामाला लावली आणि धावेची जागा आखूड पासला दिली.

या योजनेचा प्राण वेळेत आहे. क्वार्टरबॅक मोजून तीन किंवा पाच पावले मागे सरतो आणि झेल घेणारा खेळाडू, म्हणजे रिसीव्हर, वळण्याआधीच तो जिथे पोचणार त्या जागी चेंडू सोडतो. पहिला रिसीव्हर अडवला गेला असेल, तर नजर ठरलेल्या क्रमाने दुसऱ्याकडे आणि मग तिसऱ्याकडे जाते. साहजिकच जोरकस हातापेक्षा पावलांची शिस्त मोलाची ठरते.

१९७९ मध्ये वॉल्श सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्सचे मुख्य प्रशिक्षक झाले, तेव्हा आदल्या मोसमात संघाने १६ पैकी १४ सामने गमावले होते. नव्या योजनेत क्वार्टरबॅक स्टीव्ह डीबर्गने ५७८ पासांपैकी ३४७ यशस्वी करून तत्कालीन विक्रम नोंदवला, आणि संघ पुन्हा १४ सामने हरला! खेळ पालटला होता, गुणफलक मात्र नाही, आणि नव्या योजनेची पारख पहिल्याच मोसमाच्या निकालांवरून करणाऱ्यांची इथेच फसगत होते. जो मोंटाना हा स्थिरबुद्धीचा क्वार्टरबॅक रुळल्यावर, बचावही सुधारल्यावर, १९८१ च्या मोसमाअखेर याच संघाने सुपर बोलमध्ये, म्हणजे मोसमाच्या अंतिम सामन्यात, बेंगल्सनाच २६-२१ असे हरवले.

बदल सर्वाधिक जाणवला तो धावपटूंच्या कामात. पूर्वी त्यांनी चेंडू पोटाशी धरून गर्दीत घुसावे एवढीच अपेक्षा असे. १९८५ मध्ये फोर्टीनायनर्सचा धावपटू रॉजर क्रेग याने एकाच मोसमात धावून हजारांहून अधिक आणि झेल घेऊनही हजारांहून अधिक यार्ड मिळवले, जे लीगमध्ये त्याआधी कोणालाच जमले नव्हते.